बीपीच्या गोळ्या चालू होत्या तरी बीपी वाढत का होतं? ३० आठवड्यांच्या एका वारेची (प्लासेंटाची) केस

"मॅडम, गोळ्या चालूयत, सुया तर मोजायच्याच सोडून दिल्या, मग बीपी खाली येऊन परत वर का जातंय?"

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला वॉर्डच्या दारात तिच्या नवऱ्याने मला हे विचारलं. दोन रात्री तो बाहेरच्या बाकड्यावर बसून होता, डोळे लाल. मी घाईत होते, ओटी तयार होत होती. "वार खराब झालीये दादा, बाळ बाहेर काढल्याशिवाय हे थांबणार नाही" एवढंच बोलले आणि कागदावर सह्या घेतल्या. उत्तर बरोबर होतं पण अर्धंच होतं. वार खराब झाली म्हणजे नक्की काय झालं, कुठे झालं, आणि त्याचा डोक्यातल्या ठणक्याशी न् पायाच्या सुजेशी काय संबंध, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. ही केस पूर्ण लिहायला घेतली ती त्या उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी. पेशंटची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पेशंट २४ वर्षांची, पहिलटकरीण. नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला, म्हणजे मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक कोयता. दिवाळीनंतर गाव सोडलं तेव्हा चौथा महिना संपत आला होता. माता-बाल संरक्षण कार्डावर दोनच नोंदी: १४ व्या आठवड्याला बीपी ११०/७०, २० व्या आठवड्याला १२४/८०, लघवीत प्रोटीन निल. त्यानंतर कार्ड कोरं. नऊ आठवडे कुणी तिच्या दंडाला पट्टा बांधलेला नाही, कारण फड बदलला की कोपी (पाचटाची झोपडी) बदलते, कोपी बदलली की गाव बदलतं, आणि नव्या गावात आशाताईंच्या यादीत तिचं नावच नसतं.

चार-पाच दिवस डोकं दुखत होतं, ते उन्हाने दुखतंय असं ठरलं. पाय सुजले, ते दिवसभर उभं राहून. छातीखाली बरोब्बर मधोमध दुखायला लागलं तेव्हा पित्त म्हणून जवळच्या एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन घेतलं, बीपी काही बघितलं गेलं नाही. (पोटुशी बाईला पाच महिन्यांनंतर छातीखाली दुखत असेल तर ते पित्त आहे हे बीपी मोजल्याशिवाय कुणीही ठरवू नये, लिव्हरवरची सूज तिथेच दुखते. हे मी ज्युनिअर्सना इतक्या वेळा बोललेय की त्यांना पाठ झालंय.) त्या संध्याकाळी मोळी बांधताना तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मग ग्रामीण रुग्णालय, तिथे बीपी १७०/११४. तिथल्या सिस्टर आणि मेडिकल ऑफिसरनी फार शहाणपणाचं काम केलं, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच १०८ मध्ये बसवलं. ४ ग्रॅम शिरेतून हळूहळू आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, एकूण १४. हे इंजेक्शन भयंकर दुखतं पण झटके थांबवण्यात त्याला तोड नाही. २००२ साली मॅगपाय ट्रायलमध्ये १० हजारांवर बायकांवर बघून झालंय की याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो.

रात्री ११:४० ला आमच्याकडे पोचली. बीपी १६८/११२, पाय-चेहरा सुजलेला, गुडघ्यावर हातोडी लावली तर पाय ताडकन उडाला. लघवीच्या नमुन्यावर फेस, डिपस्टिकच्या पट्टीवर प्रोटीन तीन प्लस. प्लेटलेट १,३८,०००, लिव्हरची एसजीओटी ५८, किडनीचं क्रिएटिनिन ०.९. दिवस २९ आठवडे ४ दिवस, पण सोनोग्राफीत बाळ २६ आठवड्यांएवढं, अंदाजे वजन ८७० ग्रॅम. नाळेच्या रक्तवाहिनीचा डॉप्लर लावला तर बाळाचं हृदय ठोका टाकून सैल पडतं त्या क्षणाला रक्तप्रवाह शून्य, म्हणजे वारेत रक्त ढकलायला बाळाला इतका जोर लावावा लागतोय की ठोका संपला की प्रवाह थांबतो. तेवढ्या एका चित्रावरून कळलं की हे लवकर सुरू झालेलं, गंभीर प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून किडनी, लिव्हर, मेंदूवर परिणाम करणारा आजार) आहे आणि वार बऱ्याच आठवड्यांपासून आजारी आहे.

बीपीसाठी लॅबेटालॉल शिरेतून २०, मग ४० मिलिग्रॅम, मग तोंडाने लॅबेटालॉल आणि निफेडिपिन. मॅग्नेशियम चालू. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. आमचं गणित साधं होतं, हे चार डोस पूर्ण होईपर्यंत तिला टिकवायचं, त्यापुढे मिळेल तो प्रत्येक दिवस बोनस. दुसऱ्या दिवशी बीपी १४६/९४ वर आलं, डोकं दुखायचं थांबलं, तिने भाकरी मागितली, सासूबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मलाही वाटलं की आठवडाभर निघेल.

नाही निघाला. दुसरी रात्र उलटताना बीपी परत चढत गेलं, औषधांचा डोस वाढवला तरी १७२/११६. पहाटेच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट ९४,०००, एसजीओटी १६४. लिव्हर आणि रक्त दोन्ही घसरायला लागले होते. डेक्साचे चारही डोस झालेले, दिवस बरोब्बर ३० आठवडे. सिझेरियन. मुलगी, ९१० ग्रॅम, बारीक आवाजात रडली, लगेच एसएनसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात) सीपॅपवर, म्हणजे श्वासाला हवेचा दाब देणाऱ्या मशीनवर.

आता वारेकडे येते, या केसचा खरा पेशंट तीच आहे असं मला वाटतं.

आमच्याकडे, आणि मी पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या ठिकाणी, वार बाहेर आली की पूर्ण आली का तेवढं बघायचं आणि पिवळ्या पिशवीत टाकायची. मीही कित्येक वर्षं तेच केलंय. त्या दिवशी सिस्टरना सांगितलं, टाकू नका, ट्रेमध्ये ठेवा. सुईण-बाया वार हाताने चाचपून बघायच्या ते उगाच नाही, हाताला बरंच कळतं. चांगली वार ओल्या स्पंजसारखी लागते, दाबली की रक्त पाझरतं आणि परत फुगते. ही छोटी होती, १९० ग्रॅम, एवढ्या दिवसांची वार साधारण ३०० च्या आसपास असायला हवी. कडेच्या बाजूला बोट फिरवलं तर तीन-चार ठिकाणी कच्च्या पेरूसारखं टणक लागलं. सुरीने कापलं तर तिथे पिवळट-पांढरे पट्टे, रक्त नाही. त्या भागाचा रक्तपुरवठा कधीच बंद पडून तो मेला होता.

बाहेर सासूबाई वाट बघत होत्या, "मॅडम, वार पुरायला मिळंल का?" मी सांगितलं, मावशी, आजाराचं मूळ त्या वारेत आहे, तपासायला पाठवू का? त्या जरा थांबल्या न् म्हणाल्या, "मूळ तिच्यात असंल तर बघा की मग नीट." यापेक्षा चांगली परवानगी मला कुणी दिलेली नाही.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला तो असा: वारेच्या बोटांसारख्या फांद्या, ज्यांना आपण व्हिलाय म्हणतो, त्या बारीक आणि विरळ. वेळेआधी म्हाताऱ्या झालेल्या. त्यांच्यावरच्या आवरणाच्या पेशींची केंद्रकं जागोजागी गाठी करून एकत्र आलेली. इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न मिळून मेलेले भाग. आणि गर्भाशयाच्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गळून त्यात चरबी खाल्लेल्या फेसाळ पेशी भरलेल्या. म्हणजे या वाहिन्या पहिल्या चार-पाच महिन्यांत ज्या रुंद व्हायला हव्या होत्या त्या झाल्याच नव्हत्या.

इथपर्यंत आपल्या साध्या मायक्रोस्कोपला दिसतं. त्याच्या आतली गोष्ट बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि प्रोटीन ओळखणाऱ्या खास तपासण्या लागतात, त्या या केसमध्ये झालेल्या नाहीत. पण अशाच वारा घेऊन केंब्रिज, प्रॉव्हिडन्स, ओहायो आणि जपानमधल्या तोयामाच्या लॅबमध्ये गेल्या पंधरा-सतरा वर्षांत जे काम झालंय त्याने तिच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर बरंच पूर्ण होतं.

हे उत्तर मी त्याला बाराव्या दिवशी दिलं, एसएनसीयूच्या बाहेर, बायको आत बाळाला उघड्या छातीशी धरून कांगारू करत बसलेली असताना. आणि खरं सांगायचं तर निम्मं उत्तर त्यानेच मला दिलं.

मी म्हटलं, दादा, वार म्हणजे नुसती गाळणी नाही, तो कारखाना आहे. वारेचं बाहेरचं आवरण, सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट, ही एकच सलग पेशी असते, मध्ये भिंतीच नाहीत, पसरली तर नऊ महिन्यांच्या शेवटी दहा-बारा चौरस मीटर भरेल. ती दिवसरात्र प्रोटीनची हार्मोन्स बनवून आईच्या रक्तात सोडते, त्यातलं प्लासेंटल लॅक्टोजेन हे एकच शेवटच्या आठवड्यांत रोजचं ग्रॅमभर किंवा जास्त तयार होतं. एवढं उत्पादन शरीरातल्या फार थोड्या पेशी करतात. प्रत्येक प्रोटीन आधी लांब दोऱ्यासारखं तयार होतं आणि मग त्याची ठरलेली घडी पडावी लागते. घडी बरोबर पडली तर ते काम करतं, चुकली तर ते चिकट होतं, शेजारच्याला चिकटतं, गठ्ठे बनतात. घडी घालायचं काम पेशीतल्या ज्या जाळीदार भागात होतं त्याला एंडोप्लाझमिक रेटिक्युलम म्हणतात, आपण ईआर म्हणू. या घडी घालायच्या कामाला ऑक्सिजन लागतो, ऊर्जा लागते, कॅल्शियम लागतं.

आता तिच्या रक्तवाहिन्या रुंद झाल्याच नाहीत. रुंद झाल्या असत्या तर रक्त पाटाच्या पाण्यासारखं शांतपणे वारेत पसरलं असतं. अरुंद राहिल्या म्हणून ते पाइपच्या तोंडाला अंगठा लावल्यावर धार सुटते तसं जोरात घुसतं, फांद्या फाटतात, आणि मधूनच वाहिनी आकसली की येतच नाही. ऑक्सिजन आता आहे, आता नाही, परत आहे. या झटक्यांनी ईआरचं काम बिघडतं.

तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे गव्हाण बंद पडल्यावर यार्डात होतं तसं."

मी म्हटलं, सांगा. तर तो म्हणाला की फडात तोड चालूच असते, गाड्या भरून येतातच, पण कारखान्यात बिघाड झाला की गव्हाणीत, म्हणजे गाळायला ऊस टाकतात तिथे, ऊस पडत नाही, मग वजनकाट्यापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग, ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, वास मारायला लागतो. मग कारखाना पहिलं काय करतो? तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला सांगतो, चिठ्ठ्या थांबव.

माझ्याकडे यापेक्षा चांगलं उदाहरण नव्हतं आणि आजही नाही. पेशी अगदी हेच करते. ईआरमध्ये न घडलेला माल साचला की जीआरपी-७८ नावाचं एक मदतनीस प्रोटीन, जे एरवी पहारेकऱ्यांना धरून गप्प ठेवतं, ते मालाकडे धावतं आणि पहारेकरी मोकळे होतात. पहारेकरी तीन: पर्क, आयआरई-१ आणि एटीएफ-६. पर्क हा चिटबॉय, तो नवीन प्रोटीन बनवणंच थांबवतो, म्हणजे तोड बंद. बाकीचे दोघे जास्तीचे मदतनीस मागवतात, ईआर मोठं करतात, बिघडलेला माल मोडीत काढायची सोय करतात. या सगळ्याला अनफोल्डेड प्रोटीन रिस्पॉन्स म्हणतात, आणि तो उलगडल्याबद्दल क्योटोचे काझुतोशी मोरी आणि सॅन फ्रान्सिस्कोचे पीटर वॉल्टर यांना २०१४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. त्यांचं काम यीस्टपासून सुरू झालं होतं, वारेशी त्याचा काही संबंध नव्हता.

तोड थोड्या वेळासाठी थांबली तर कारखाना सावरतो. आठवडेच्या आठवडे थांबली तर? प्रोटीन बनत नाही म्हणजे पेशी वाढत नाहीत, वार लहान राहते, बाळ लहान राहतं. केंब्रिजमध्ये हाँग वा युंग आणि ग्रॅहम बर्टन यांनी २००८ मध्ये हेच दाखवलं की वाढ खुंटलेल्या बाळांच्या वारेत पर्कच्या वाटेने प्रोटीन बनवणं दाबलेलं असतं, आणि जिथे वाढ खुंटण्यासोबत आईला प्रीएक्लॅम्पसियाही आहे तिथे ताण त्याच्याही पुढे जाऊन चॉप नावाचा सिग्नल चालू झालेला असतो. चॉप म्हणजे आता दुरुस्ती नको, पेशी मोडा. आमच्या केसमध्ये १९० ग्रॅमची वार, ९१० ग्रॅमचं बाळ आणि १७२/११६ चं बीपी या तीन वेगळ्या भानगडी वाटतात, पण या वाटेने बघितलं तर तिन्ही एकाच साच्यातून निघालेल्या आहेत.

२०१४ मध्ये त्याच ग्रुपने अजून एक गोष्ट दाखवली जी मला रोजच्या कामात फार उपयोगी वाटते. ३४ आठवड्यांच्या आत सुरू होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियात वारेतला हा ईआरचा ताण जोरदार दिसतो, पण उशिरा, नवव्या महिन्यात होणाऱ्यात तो जवळजवळ नसतो. म्हणजे कार्डावर आपण एकच नाव लिहितो पण हे दोन आजार आहेत, लवकरचा वारेतून उगवतो, उशिराच्यात आईच्या शरीराचा वाटा जास्त. म्हणून २९ आठवड्यांची आणि ३८ आठवड्यांची बाई एकाच बीपीवर असली तरी मी त्यांच्याकडे सारख्या नजरेने बघत नाही. या लोकांनी कोलोरॅडोत ३,१०० मीटर उंचीवर राहणाऱ्या निरोगी बायकांच्या वारा पण तपासल्या, तिथेही सौम्य ईआर ताण सापडला, आणि तिथली बाळं वजनाला थोडी कमी असतात. तिथे आजार नाही, फक्त हवेत ऑक्सिजन कमी.

आता चुकलेल्या घडीचे गठ्ठे जातात कुठे, कारण नवऱ्याचा प्रश्न बीपीचा होता आणि बीपी तर आईच्या रक्तवाहिन्यांत असतं. एक उत्तर जुनं आणि पक्कं आहे. ताणाखालची वार आईच्या रक्तात एस-एफएलटी-१ नावाचं प्रोटीन भरमसाठ सोडते, ते रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणाऱ्या वाढीच्या घटकांना पकडून ठेवतं. २००३ मध्ये बोस्टनला अनंत करुमंची यांच्या टीमने हे प्रोटीन गाभण उंदरांना दिलं तर त्यांचं बीपी वाढलं आणि लघवीत प्रोटीन जायला लागलं. आमच्या पेशंटच्या किडनीतून प्रोटीन का गळत होतं, लिव्हर का सुजली, डोळ्यांपुढे काजवे का आले, सगळीकडे बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर उपाशी पडलं होतं. लॅबेटालॉल काय करतं, तर वाहिनी सैल करतं. वारेतून येणारा माल ते थांबवू शकत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला, आणि वारेचा मारा चालूच असल्याने तिसऱ्या दिवशी औषधाला न जुमानता वर गेला. नवऱ्याच्या भाषेत सांगायचं तर आम्ही रस्त्यावरची गर्दी पांगवत होतो, गव्हाण बंदच होती.

दुसरं उत्तर नवीन आहे आणि ते वाचून मी पहिल्यांदा खुर्चीतून उठले होते. २०१४ मध्येच इरिना बुहिम्शी आणि सहकाऱ्यांनी सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिनमध्ये दाखवलं की प्रीएक्लॅम्पसियाच्या बायकांच्या लघवीत चुकीच्या घडीची प्रोटीनं असतात आणि ती काँगो रेड या रंगाला धरून ठेवतात. काँगो रेड हा १८८३ मध्ये जर्मनीत कापड रंगवायला बनलेला लाल रंग, आणि अमायलॉइड म्हणजे चुकीच्या घडीच्या प्रोटीनचे साठे ओळखायला पॅथॉलॉजिस्ट तो कित्येक दशकं वापरतायत. आमच्याही पॅथॉलॉजीत ती बाटली असते, किडनीच्या बायोप्सीसाठी. टेस्ट अगदी साधी आहे, लघवीत रंग मिसळा, कागदावर थेंब टाका, धुवा. निरोगी गरोदर बाईचा थेंब धुऊन जातो, प्रीएक्लॅम्पसियावालीचा लाल ठिपका तसाच राहतो. त्या चिकट मालात काय काय सापडलं तर अल्ब्युमिन, सेरुलोप्लाझमिन आणि चक्क बीटा-अमायलॉइड, अल्झायमरमध्ये मेंदूत साठतं ते. आणि प्रीएक्लॅम्पसियासोबत बाळाची वाढ खुंटलेल्या वारांतही त्याचे गठ्ठे दिसले.

त्याच्या आदल्या वर्षी प्रॉव्हिडन्सला सुरेंद्र शर्मांच्या ग्रुपने ट्रान्सथायरेटिन हे प्रोटीन पकडलं. हे थायरॉइड हार्मोन वाहून नेतं, वार ते स्वतःही बनवते, आणि म्हातारपणी काहींच्या हृदयात त्याचेच गठ्ठे साठतात. प्रीएक्लॅम्पसियात ते रक्तात आणि वारेत गठ्ठ्याच्या रूपात सापडलं, आणि उंदरांमध्ये नीट घडीचं ट्रान्सथायरेटिन बाहेरून दिल्यावर आजाराची लक्षणं टळली. याच ग्रुपने २०२३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये सिस पी-टाऊ या बिघडलेल्या टाऊ प्रोटीनचं काम छापलं, तिथेही उंदरांत त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी देऊन लक्षणं मागे गेली. मधल्या काळात तोयामाचे नाकाशिमा आणि साइतो यांनी शर्मांच्या ग्रुपबरोबर दाखवलं की या वारांमध्ये कचरा पचवणारी यंत्रणा, ऑटोफॅजी आणि लायसोसोम, तीच लंगडी पडलेली असते. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माल बिघडतो तो सगळ्याच वारांत थोडाफार बिघडत असणार, पण उचलून नेणारी गाडीच नसेल तर ढीग लागतो.

पण लाल ठिपक्याच्या टेस्टबद्दल जरा सबुरीने घ्यावं. ओहायोमध्ये ३४६ बायकांवर कागदाची टेस्ट करून बघितली आणि ती कामाची निघाली, हे खरं. पण किडनीचा जुना आजार किंवा ल्यूपस असलेल्या बायकांची लघवीही रंग धरते, म्हणजे जिथे निदान करताना आपण खरंच गोंधळतो तिथेच ही टेस्टही गोंधळू शकते. आणि कुणी व्हॉट्सॲपवर वाचून गरोदरपणात अल्झायमर होतो असा अर्थ काढू नये. बिघाडाची पद्धत सारखी आहे, आजार तो नाही. एस-एफएलटी-१ आणि पीएलजीएफ (ते पकडून ठेवतं त्यातला वाढीचा एक घटक) यांचं गुणोत्तर ही रक्ताची टेस्ट मोठ्या शहरांत मिळते, ३८ किंवा खाली आलं तर पुढचा आठवडाभर प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही असं बऱ्याच खात्रीने सांगता येतं, पण ऊसतोडीच्या कोपीपर्यंत ती पोचायला अजून वेळ आहे. तिथे आज पोचू शकतो तो बीपीचा पट्टा आणि डिपस्टिक, आणि ते नऊ आठवडे पोचले नाहीत हे मला आजही खटकतं. २४ व्या आठवड्याला कुणी बीपी बघितलं असतं तर वार काही बरी झाली नसती, पण डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत वाट बघावी लागली नसती.

नवऱ्याने शेवटी विचारलं, पुढच्या वेळी परत असंच होणार का. होऊ शकतं, आणि लवकर झालेल्यात जास्त. पण इथे हातात ठोस काहीतरी आहे. २०१७ च्या ॲस्प्रे ट्रायलमध्ये धोका जास्त असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री ॲस्पिरिन १५० मिलिग्रॅम दिलं तर ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. रक्तवाहिन्या रुंद व्हायच्या काळातच गोळी चालू करायची, पाचव्या महिन्यात आठवण होऊन फार उपयोग नाही. हंगामावर निघायच्या आधी गावातच सुरू करा, असं त्याला दोनदा बजावलं.

आईचं पुढे असं झालं: सिझेरियननंतर २४ तास मॅग्नेशियम, झटका एकही आला नाही. चौथ्या दिवशी बीपी परत १५८/१०४ झालं, हे बऱ्याच जणींना होतं, वार गेली तरी आईच्या रक्तवाहिन्या सावरायला दिवस लागतात आणि अंगात साठलेलं पाणी याच दिवसांत रक्तात परत येतं, म्हणून तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सुट्टी देण्याची घाई नको. प्लेटलेट सहाव्या दिवशी १,६२,०००. नवव्या दिवशी डिस्चार्ज, पण ती गेली नाही, बाळासाठी धर्मशाळेत राहिली. मुकादमाचा फोन रोज यायचा, उचल घेतलेली होती. नवरा एकटा फडावर परत गेला, अर्धा कोयता म्हणून.

मुलगी ५२ दिवसांनी १,६२० ग्रॅमवर घरी गेली. सहाव्या आठवड्याला आईचं बीपी १३८/८८, बाराव्या आठवड्याला १२८/८४, डिपस्टिक निल, गोळी बंद. तरी वर्षातून एकदा बीपी आणि साखर बघायचीच, प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, आणि हे तिच्या गावातल्या उपकेंद्राच्या सिस्टरना फोन करून मी स्वतः सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाने दोन ओळी लिहिल्या: "लवकरचा गंभीर प्रीएक्लॅम्पसिया, वारेत इन्फार्क्ट. पुढच्या गरोदरपणात १२ व्या आठवड्यापासून ॲस्पिरिन १५०, रात्री." तिने ते कार्ड वाचून घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि मुलीच्या दुपट्याच्या आत खोचलं.